सावकाराला कायदा, कंपनीला सूट



महाराष्ट्रात 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याची जागा 2014 च्या सावकारी (नियमन) कायद्याने घेतली. त्यात परवान्याची सक्ती आहे. व्याजाचा दर राज्य शासन ठरविते. बेकायदेशीर सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन ऋणकोला परत मिळू शकते.

परंतु आज वस्तीत हप्ता वसूल करण्यास येतो तो बहुधा कंपनीचा माणूस. 10 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ व गुजरातच्या कायद्यांसंबंधी निर्णय दिला की, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. त्याआधीच, 1 एप्रिलपासून, सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या व्याजावरील कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने उठविली होती. दर ठरविण्याचे काम संचालक मंडळांकडे गेले. हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावेत, हे बंधन मात्र घातले गेले.

या बंधनावर देखरेख कोणी करावयाची? सावकाराविरुद्ध तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे दाद मागता येते. कंपनीविरुद्ध शेतमजूर स्त्रीला दूरच्या रिझर्व्ह बँकेचे दार ठोठवावे लागते. म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे : व्याजाला कायद्याची मर्यादा आणि तालुक्यात तक्रारीचे कार्यालय. राज्याच्या कायद्यातून सूट म्हणजे ऋणकोच्या संरक्षणातून सूट नव्हे!