यंत्र दिलं, पुढे काय?



आधी एक विनंती. दीपप्रज्वलनासाठी सभागृहातले दिवे घालवले होते, ते अजून सगळे लावलेले नाहीत. माझ्या डाव्या हाताला दुभाषी ताई उभ्या आहेत. त्यांचे हात आणि माझे ओठ अंधारात दिसणार कसे? लावा दिवे. हं, आता बरं. कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्यांच्या परिषदेत ही आठवण अध्यक्षांना करून द्यावी लागते, तिथेच माझं निम्मं भाषण झालं.

या जागी बसवलंत त्याबद्दल आभार. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत 34 वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर त्याच संस्थेचे हिशेब बघते, एवढीच माझी पात्रता. म्हणून आज हिशेबाचंच बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही श्रवणयंत्रवाटपाचं मोठं शिबिर घेतलं. मांडव, फ्लेक्स, पाहुणे, कानात यंत्र घालतानाचे फोटो, सगळं साग्रसंगीत. सहा महिन्यांनी मी गृहभेटींना निघाले. एका वस्तीवर पाच वर्षांच्या मुलीच्या कानात यंत्र दिसेना. विचारलं तर तिची आई आत गेली आणि देव्हाऱ्याजवळून स्टीलचा डबा घेऊन आली. डब्यात कापूस, कापसावर यंत्र, यंत्राला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. "महागाचं आहे म्हणाले होते बाई. हरवलं तर आणायचं कुठून? म्हणून जपून ठेवलंय." सेलचं झाकण उघडलं तर आतल्या पट्टीवर हिरवट गंज चढलेला. यंत्राचा कानात बसणारा साचा, म्हणजे मोल्ड, मुलीच्या कानात घालून पाहिला तर सैल. सहा महिन्यांत कान वाढला होता, मोल्ड होता तेवढाच राहिला. सैल मोल्डमधून आवाज बाहेर गळतो, पुन्हा यंत्राच्या माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. सुरुवातीला घातलं होतं म्हणे, पण "सारखं किंचाळतं आणि पोरगी रडते."

त्या माउलीचं काय चुकलं? चूक आमची होती. आमच्या अहवालात ती मुलगी 'लाभार्थी' म्हणून मोजून झाली होती.

माझं म्हणणं यातच आलं. आपण यंत्रं मोजतो, भाषा मोजत नाही. आणि जे मोजतो त्यालाच पैसे मिळतात.

सरकारी योजना नाहीत असं नाही. उपकरणं देणारी 'अडिप' योजना 1981पासून आहे. 2014च्या सुधारणेत तिच्यात कॉक्लिअर इम्प्लांट आलं, वर्षाला 500 मुलांसाठी, प्रत्येकी 6 लाखांपर्यंत. 2013पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात लहान मुलांचे कान तपासणंही आलं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983पासून तज्ज्ञ घडवते आहे. मुंबईत माझगावला मूकबधिरांची शाळा निघाली ती एकोणिसाव्या शतकात. म्हणजे परंपराही जुनी. तरी 2011च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेली माणसं 50 लाखांच्या वर आणि बोलण्याचं जवळपास 20 लाख. यातल्या किती जणांपर्यंत यंत्र पोचलं, हा प्रश्न आपण विचारतो. पोचल्यावर पुढच्या मंगळवारी त्यांच्याकडे कोण गेलं, हे विचारत नाही.

तो मंगळवार कसा असतो ते सांगते. आई आणि मूल शेजारी शेजारी बसतात. आई तोंडासमोर हात धरते, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि एकेक आवाज काढते: आ, ई, ऊ, श, स, म. मुलाने आवाज ऐकला की डब्यात एक मणी टाकायचा. डॅनिएल लिंग यांनी सुचवलेले हे सहा आवाज. बोलण्यातले जाडे, बारीक सगळे स्वर-व्यंजन त्यांच्या कक्षेत येतात, म्हणून रोज सकाळी एवढं केलं की यंत्र चालतंय की नाही ते दोन मिनिटांत कळतं. 'म'ला मणी पडला आणि 'स'ला पडला नाही, तर मोल्ड बघा, सेल बघा, नाहीतर यंत्र पुन्हा लावून घ्या. यासाठी पदवी लागत नाही, पण आईला हे शिकवायला कुणीतरी आठवड्याला जावं लागतं, आणि जाणाऱ्याला पगार लागतो. चेन्नईच्या बाल विद्यालयात 1969पासून मुलांबरोबर आयाही शाळेत येऊन बसतात. हे शहाणपण नवं नाही, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

आपल्या मराठीचीही एक गंमत आहे. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. ओठ वाचणाऱ्या मुलाला 'पाय' आणि 'माय' यांतला फरक दिसणार कुठून? उलट क आणि ग घशात घडतात, ओठांना पत्ताच नसतो. म्हणून आमची मुलं 'मामा' लवकर म्हणतात आणि 'काका' म्हणायला वर्षं घेतात. एका काकांनी माझ्याकडे यावरून खरोखर तक्रार केली होती! त्यापुढे लिंग आणि प्रत्यय. तो आंबा, ती चिंच, ते केळं. शब्दाच्या टोकाचे हे हलके आवाज अर्धवट ऐकणाऱ्याच्या कानातून निसटतात, आणि सातवीतली हुशार मुलगी निबंधात लिहिते, 'आई स्वयंपाक करतो.' शिक्षक लाल रेघ मारतात. ती मुलीच्या बुद्धीवर पडते, पडायला हवी ती आपल्या उशिरावर.

उशीर का होतो, तेही आपण जाणतो. "ह्याचे वडीलही उशिराच बोलले," असं आजी म्हणते. मग जिभेला वेखंड लावून पाहतात, कुणी जिभेखालची शीर कापून आणतं. कानाकडे लक्ष जातं तेव्हा मूल तीन-चार वर्षांचं झालेलं असतं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे गणित जगभर मान्य आहे. आपल्या किती प्रसूतिगृहांत बाळाला घरी सोडण्यापूर्वी ऐकण्याची ओएई चाचणी होते? झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक नळी ठेवायची, थोड्या मिनिटांचं काम.

आता एक कबुली द्यायची आहे. मी शिकले ती 'तोंडाने बोला' या पंथात. 1880मध्ये कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या मिलानच्या परिषदेत बोलण्याची बाजू जिंकली आणि खुणा वर्गाबाहेर गेल्या. त्याचा धाक शंभर वर्षांनंतर माझ्या वर्गातही होता. मुलांनी खुणा केल्या की मी म्हणायची, 'हात खाली.' काहींना तर हातांवर बसवलं. त्यांतला एक आज मोठ्या कारखान्यात कुशल कामगार आहे. मागे भेटला तेव्हा त्याने हसत दोन्ही तळहात मांडीखाली घेऊन दाखवले. तो हसत होता. मला काही सुचेना. ज्या मुलाच्या कानावर यंत्र आठव्या वर्षी चढलं, त्याला खुणाही नाकारल्या, तर त्याच्या हाती कुठलीच भाषा उरत नाही. दिल्लीत 2015मध्ये भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था झाली, हजारो शब्दांचा कोश झाला. तालुक्याच्या शाळेत ती भाषा सफाईने येणारा शिक्षक मात्र अजून शोधावा लागतो. माझ्या मते तो कर्णबधिरच असावा. वाद घालायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी यावं.

कानाबद्दल फार बोलले. ज्यांचे कान शाबूत आहेत आणि वाचा गेली आहे, त्यांच्यासाठी आपल्यातल्या फारच थोड्या संस्था काम करतात. पक्षाघातानंतर वाचाघात झालेला माणूस घरच्यांना ओळखतो, मनात शब्द असतो, तोंडी येत नाही. घरचे समजतात, डोकं गेलं. तंबाखूपायी स्वरयंत्र काढलेले लोक आहेत. 2016च्या अपंग हक्क कायद्याने वाचा व भाषा अपंगत्व वेगळं मोजलं, वाचाघात आणि स्वरयंत्र काढणं त्यात नावानिशी आहे. पण अट कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाची. त्यामुळे तोतरं बोलणारा तरुण तिथे सहजी बसत नाही. मुलाखतीत स्वतःचं नाव सांगताना त्याची जीभ अडते आणि आपल्या फार्सांत त्याच अडण्यावर हशा वसूल होतो. बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, असं आपण म्हणतो ते उगाच नाही.

आता पैशाचं. देणगीदारांवर माझा राग नाही. त्यांच्या अर्जात 'लाभार्थींची संख्या' असा रकाना असतो आणि आपण तो निमूट भरतो. एका उपचारतज्ज्ञाने एका मुलावर चार वर्षं खपून त्याला गोष्ट सांगण्याइतकं बोलतं केलं, तर त्या रकान्यात '1' येतो. त्याच पैशात शिबिर घेतलं तर शंभर. देणाऱ्याने शंभर निवडले तर त्याला दोष कसा द्यायचा, आपणच त्याला दुसरा रकाना कधी दाखवला नाही. वाटलेल्या यंत्रांपैकी वर्षानंतर रोज कानावर किती, हा आकडा आम्ही मागच्या वर्षापासून अहवालाच्या पहिल्या पानावर छापतो. पहिल्यांदा तो छापताना विश्वस्तांना घाम फुटला होता. एका देणगीदाराने तो वाचला आणि यंत्रांऐवजी दोन गृहभेट-शिक्षिकांचा पगार उचलला.

इथे जमलेल्या प्रत्येक संस्थेने हा आकडा येत्या वर्षी छापावा, कितीही लाजिरवाणा असला तरी. आणि अंदाजपत्रक लिहाल तेव्हा पगार, मोल्ड आणि सेल या तीन ओळी आधी लिहा, यंत्रांची ओळ त्यांच्याखाली.

बाहेरच्या व्हरांड्यात मोल्डचं माप घ्यायला दोन तंत्रज्ञ बसले आहेत. ते पाच वाजेपर्यंतच आहेत. मुलांना बरोबर आणलं असेल त्यांनी आताच तिकडे जावं, आभारप्रदर्शनासाठी थांबू नये.