कागदावरचे शब्द आपले करूया

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, "शेती आणि आरोग्यातले महत्त्वाचे शब्द". विषय ऐकून काही जणी एकमेकींकडे बघून हसल्या. शाळेचा तास वाटला असेल. पण मला सांगा, बचत गटात आलो तेव्हा ठराव, फिरता निधी, दशसूत्री हे शब्द तरी कुणाला माहीत होते? आज बँकेचे साहेब व्याजाचा आकडा चुकले तर तुम्ही जागेवर पकडता. शब्द कळला म्हणून हे जमलं. मग मातीचा कागद, खताची गोणी, औषधाचा डबा आणि रक्ताचा रिपोर्ट यांनाच का घाबरायचं?

एक शब्द तर तुमचाच आहे, वाफसा. मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे, पेरायला अगदी योग्य वेळ. कृषी विद्यापीठाची पुस्तकंसुद्धा हाच शब्द वापरतात. मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही हे सांगणारी बाई अडाणी नाही. तिला फक्त बाकीचे शब्द कुणी समजावून सांगितले नाहीत.

मातीचा कागद

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. त्या कागदावर १२ गोष्टींची नोंद असते. आज त्यातल्या दोन लक्षात ठेवा.

पहिली, सामू. यालाच पीएच म्हणतात. ७ म्हणजे ना आंबट ना खारी. त्याच्या खाली आम्ल, वर विम्ल. साडेसहा ते साडेसात हा बहुतेक पिकांना मानवणारा सामू. आपल्या काळ्या जमिनीत तो बऱ्याचदा ८ च्या आसपास असतो. अशा जमिनीत लोह असतं, पण पिकाला घेता येत नाही. पेटीत पैसे आहेत आणि किल्ली हरवली, तशी गत. मग सोयाबीन पिवळं पडतं आणि आपण युरिया टाकतो. आधी पान बघा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. एवढं बघितलं तरी एखाद्या गोणीचे पैसे वाचतील.

दुसरी, सेंद्रिय कर्ब. कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत यांतून मातीत उरतो तो. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी समजायचा. कर्ब असला की माती ओल धरते आणि मातीतले जीव जगतात. पऱ्हाट्या, तुराट्या बांधावर पेटवतो तेव्हा आपण हाच कर्ब जाळतो.

गोणीवरचे आकडे

१०:२६:२६ हे दुकानदाराचं गुपित नाही. पहिला आकडा नत्र, दुसरा स्फुरद, तिसरा पालाश, १०० किलोमागे. ५० किलोच्या गोणीत त्याच्या निम्मे, म्हणजे ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश. युरियात फक्त नत्र असतं, ४६ टक्के. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो. कर्जाचा हप्ता तोंडी काढणाऱ्या बाईला हे गणित अवघड नाही. पुढच्या वेळी दुकानात विचारा, "माझ्या कागदावर पालाश भरपूर लिहिलंय, मग हीच गोणी कशाला?"

डब्यावरचा रंग

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विसरायचं नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर हिऱ्यासारखा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, विष तेही आहेच. पंप पाठीवर पुरुषाच्या असला तरी पाणी आणून देणारी, औषध कालवणारी आणि नंतर ते कपडे धुणारी बाईच असते. म्हणून रंग बघणं आपलंही काम. रिकाम्या डब्यात तेल, मीठ, पाणी काहीही भरायचं नाही.

त्याच डब्याच्या माहितीपत्रकात प्रतीक्षा काळ लिहिलेला असतो. फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, तो हा काळ. तीच भेंडी आपण बाजारात विकतो आणि आपल्या पोरांच्या ताटातही वाढतो.

रक्ताचा रिपोर्ट

आता सर्वांत जवळचा शब्द, हिमोग्लोबिन. रिपोर्टवर एचबी असं लिहितात. गरोदर नसलेल्या बाईचं १२ किंवा जास्त हवं, गरोदर बाईचं ११ किंवा जास्त. गरोदरपणात ७ च्या खाली गेलं तर घरी बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय निघाला. या मंडपात तुमच्या डावीकडे आणि उजवीकडे बघा. तिघींतल्या एकीला किंवा दोघींना असेल. आणि आपण म्हणतो, "थकवा काय, कामाचा आहे."

इथेही मातीसारखंच आहे. ताटात लोह असतं, पण अंगाला लागत नाही. जेवणावर लगेच चहा घेतला की तो लोह अडवतो. लिंबू पिळलं, आवळा खाल्ला की लोह जास्त लागू पडतं. म्हणून चहा तासाभराने आणि भाजीवर लिंबू. लोहाची गोळी चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. गोळीने शौचाला काळं होतं, ते साहजिक आहे. त्याला घाबरून गोळ्या डब्यात ठेवून देऊ नका. जेवण बदलूनही आकडा वाढला नाही, किंवा पाळीत फार रक्त जात असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

गटात काय करायचं

दर महिन्याच्या एका बैठकीत कर्जाचा विषय संपला की एक कागद मध्ये ठेवायचा. कुणाची मृदा पत्रिका, कुणाची गोणीवरची चिठ्ठी, तर कुणी स्वतःच्या मर्जीने आणलेला रिपोर्ट. शिकलेल्या मुलीने मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारायचे: हा आकडा कशाचा? किती असायला हवा? कमी-जास्त असेल तर मी काय करू? उत्तर गटात मिळालं नाही तर कृषी सखीला, आशाताईला विचारा. कृषी सहाय्यकाला आणि डॉक्टरांनाही विचारा. ते घाईत असले तरी विचारा, कारण जमीन कसणारी तुम्ही आहात आणि रिपोर्टवर नाव तुमचं आहे.

सभा संपल्यावर आरोग्य उपकेंद्राच्या ताई मागच्या खोलीत रक्त तपासणार आहेत. बोटाला एक टोचणी, दोन मिनिटांचं काम. जाताना आपापला आकडा विचारून घ्या आणि गटाच्या वहीत नको, स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.