कोणती लेन्स घेऊ?

(शाळेच्या १९८४ सालच्या दहावीच्या तुकडीच्या चाळीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत असताना या व्यासपीठावर मी एकदाच चढलो होतो, तेही गॅदरिंगच्या खुर्च्या लावायला. त्यामुळे आज हातात माईक आल्यावर जरा घाबरलो आहे. पण विषय मला ठरवून दिलेला आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची निवृत्ती जवळ आली आहे, मुलं मार्गी लागली आहेत आणि कॅमेरे घेतले गेले आहेत. गेल्या वर्षभरात मला सहा जणांनी फोन करून एकच प्रश्न विचारला : "अरे, रस्त्यावरचे फोटो काढायचेत, कोणती लेन्स घेऊ?" संयोजक म्हणाले, सगळ्यांना एकदम सांगून टाक.

तर सांगतो. पण उत्तराआधी माझा एक प्रश्न आहे. फोटो काढताना तुम्ही माणसापासून किती लांब उभे राहणार? ते ठरलं की लेन्स आपोआप ठरते. आपण नेमकं उलटं करतो. लेन्स आधी घेतो आणि मग ती नेईल तिथे उभे राहतो. मीही तेच केलं होतं.

हे अंतराचं गणित भूमितीच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून जपून सांगतो. नववीत बाईंनी समरूप त्रिकोण शिकवले, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. पंचेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा घेतल्यावर ते मला परत शिकावे लागले. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्यात सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. लेन्सवर ३५ लिहिलेलं असेल, तर ३६ आणि ३५ जवळजवळ सारखेच. म्हणून समरूप त्रिकोणाच्या हिशेबाने, तुम्ही जितके लांब उभे, साधारण तितकाच रुंद रस्ता फोटोत येतो. तीन मीटरवर उभे राहिलात तर तीन मीटर. त्याच जागेवरून ५० ची लेन्स लावली तर दोन मीटरपेक्षा थोडं जास्त. २०० ची लावली तर जेमतेम अर्धा मीटर.

आता हेच माणसाच्या बाजूने बघू. साडेपाच फुटी माणूस आडव्या फोटोत डोक्यापासून पायापर्यंत मावायला हवा. ३५ ने अडीच मीटरवर उभं राहावं लागतं, ५० ने साडेतीन मीटरवर आणि २०० ने चौदा मीटरवर. अडीच मीटरवर तो माणूस तुम्हाला बघतो, तुमच्याशी बोलतो, "काय साहेब, कशाला फोटो?" असं विचारतो. चौदा मीटरवर तुम्ही आहात हेच त्याला ठाऊक नसतं.

मला चौदा मीटरच हवे होते. खरं सांगायचं तर मला लोकांची भीती वाटायची. कॅमेऱ्याबरोबर १८-५५ ची लेन्स आली होती. ती बाजूला ठेवून मी ७०-३०० ची लांबलचक झूम घेतली आणि दर रविवारी पहाटे दादरच्या फूलबाजारात जाऊ लागलो. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, झूम पूर्ण बाहेर काढायची आणि खालच्या गर्दीतला एकेक चेहरा उचलायचा. कुणी हटकत नाही, कुणी तोंड फिरवत नाही. त्यातला एक फोटो मला फार आवडला होता. एक म्हातारी, गालावर सुरकुत्या, कपाळावर मोठं कुंकू, नजर कुठेतरी लांब. मागे सगळं पुसट पिवळं-केशरी. २०१५ साली आपल्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप नुकताच झाला होता. मी तो फोटो ग्रुपवर टाकला. तुम्ही सगळ्यांनी भरपूर अंगठे दाखवलेत. कुणीतरी लिहिलं, "चेहऱ्यावर आयुष्य उमटलंय."

दुपारी एक फोन आला. आपल्या वर्गातलाच, पण दहावीपर्यंत आपल्याबरोबर नसलेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आपण आठवीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आपल्या वर्गातल्या निम्म्या घरांची चूल त्या पगारावर होती. जूनमध्ये नववीचा वर्ग भरला तेव्हा काही बाक रिकामे होते. त्यातला एक माझ्या शेजारचा होता. तो मित्र आज समोर बसला आहे आणि त्याला विचारूनच मी हे सांगतो आहे.

तो फोनवर म्हणाला, "फोटो छान आहे रे. ती माझी आई आहे."

मी गप्प झालो. त्यांच्या खोलीत बसून काकींच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मी किती वेळा खाल्ली असेल! संप लांबला तेव्हा काकी गजरे विकायला बसल्या आणि मग बसतच राहिल्या, हे मला माहीतच नव्हतं. तो पुढे म्हणाला, "तिने तुला ओळखलं नाही का?" त्याला वाटलं होतं की मी समोर उभं राहून फोटो काढलाय. मला सांगावं लागलं की मी पुलावर होतो, तिला दिसलोच नाही. त्यावर तो काही बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी तो मला घेऊन काकींकडे गेला. मी फोटोची मोठी प्रिंट करून नेली होती. काकींनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. मग म्हणाल्या, "तोंडच काढलंस होय रे? माझी फुलं कुठं गेली?"

मित्रहो, लेन्सबद्दल मी पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले, पण या एका वाक्याने जेवढं शिकवलं तेवढं कशानेच नाही. कारण त्यांचं तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होतं. ३०० वर झूम ताणून दहा-बारा मीटरवरून फोटो काढला की जेमतेम फूटभर खोली स्पष्ट येते. बाकी सगळं विरघळतं. ज्याला मी 'सुंदर पिवळी-केशरी पार्श्वभूमी' समजत होतो तो काकींचा झेंडू होता. फोटोत नव्हतं ते असं : समोरची मोगऱ्याची टोपली, दुर्वांच्या जुड्या, पायाशी पसरलेलं ओलं गोणपाट, दोरा ओवणारी त्यांची बोटं आणि शेजारी हार बांधत बसलेली सून. तेहेतीस वर्षं ज्या जागेवर बसून त्यांनी घर चालवलं, ती जागाच मी काढून टाकली होती. उरली होती एक 'म्हातारी'. कुठलीही, कुणाचीही. म्हणून तर मला त्या ओळखूही आल्या नव्हत्या.

त्यानंतर मी ती झूम कपाटात ठेवली आणि २४ ची एक छोटी, चपटी लेन्स घेतली. २४ का, तर माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे. अशा कॅमेऱ्यात लेन्सवरच्या आकड्याला कंपनीप्रमाणे १.५ किंवा १.६ ने गुणायचं. माझा २४ म्हणजे साधारण ३८. दुकानात जाण्याआधी आपला सेन्सर कोणता ते बघा आणि हा गुणाकार करा, नाहीतर ३५ समजून ५० घेऊन याल. आपल्यातल्या एकाने गेल्या महिन्यात तेच केलं आहे. नाव सांगत नाही, पण तो हसतो आहे.

रस्त्यावर या मधल्या लेन्सचा आणखी एक फायदा आहे. फुल-फ्रेमवर ३५ ची लेन्स, अ‍ॅपर्चर ८ आणि फोकस तीन मीटरवर ठेवला, तर साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फोकस लावत बसायचं नाही. माणूस त्या पट्ट्यात आला की बटण दाबायचं. हीच मांडणी ८५ च्या लेन्सने केली तर तीन मीटरच्या मागेपुढे मिळून दोन फूटच हाती लागतात. म्हणून दिवसाउजेडी फिरणार असाल तर अ‍ॅपर्चर १.४ वाल्या महागड्या, वजनदार काचेच्या मागे लागू नका. संध्याकाळच्या दिव्यांसाठी २ किंवा २.८ पुरतं. लहान लेन्स खांद्याला दुखत नाही आणि समोरच्याला दचकवतही नाही. आपल्या वयाला दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

मग ३५ च बरोबर आणि बाकी चूक, असं आहे का? मुळीच नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर बहुतेक ५० वर राहिला. अमेरिकेतला गॅरी विनोग्रँड २८ घेऊन न्यूयॉर्कच्या फुटपाथवर माणसांत घुसायचा. २८ ने खूप जवळ जावं लागतं आणि अगदी जवळून काढलं तर कडेचे चेहरे ताणले जातात. ५० ने एक पाऊल मागे राहता येतं, एकाच माणसावर लक्ष ठेवता येतं. बुजऱ्या माणसाने ५० पासून सुरुवात करायला हरकत नाही. आणि ज्यांना खर्चच करायचा नाही त्यांनी खिशात हात घालावा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २८ च्या घरातलाच असतो. फक्त दोन बोटांनी चित्र ओढून मोठं करायची सवय सोडा. पाय हलवा.

ज्यांच्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ पडून आहे, त्यांनी आधी काहीच विकत घेऊ नये. लहान सेन्सरवर २३ म्हणजे ३५ आणि ३५ म्हणजे ५०, एवढं लक्षात ठेवा. झूमची रिंग २३ वर आणा, वर चिकटपट्टी लावा आणि महिनाभर तशीच वापरा. पुढचा महिना ३५ वर. कोणत्या महिन्यात तुम्ही लोकांशी जास्त बोललात, ते बघा. ती तुमची लेन्स.

जवळ जाण्याची किंमतही सांगायला हवी, नाहीतर फसवणूक होईल. माझे कितीतरी फोटो गेले. लोक हात आडवा करतात, "नको" म्हणतात, एकाने तर माझ्याकडूनच चहा वसूल केला आणि मग "नको" म्हणाला. नको म्हटलं की कॅमेरा खाली. पूर्वी अशा वेळी मी चार पावलं मागे जाऊन झूमने तोच फोटो चोरला असता. आता ती सोय माझ्याकडे नाही, आणि ते बरंच आहे. कुणी दुःखात असेल, रडत असेल तर जवळून काढायचं धैर्य होत नाही. मग लांबूनही काढत नाही.

काकींचा फोटो मी त्यानंतर परत काढला. दोन मीटरवर उकिडवा बसून, त्यांच्याशी बोलत. त्यात सगळं आहे. टोपली, दुर्वा, सून, गोणपाट, मागून धावणारा हमाल आणि काकी माझ्याकडे बघून काहीतरी सुनावताहेत. काय सुनावत होत्या तेही आठवतं : "तिथं ओल्यात बसू नको, पँट भरेल." पहिल्या फोटोसारखे या फोटोला अंगठे मिळाले नाहीत. तुम्हीच दिले नाहीत.

गेल्या वर्षी काकी गेल्या. मित्राने भिंतीवर लावायला फोटो मागितला. मी दोन्ही पाठवले. मला वाटलं, भिंतीसाठी चेहराच घेतील, आपल्याकडे तीच पद्धत आहे. पंधरा दिवसांनी भेटायला गेलो तर दुसरा लावला होता, आणि त्याला हार नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "फुलं आहेत की फोटोतच."

आता शेवटचं. आपल्या दहावीचा ग्रुप फोटो तुम्हा सगळ्यांकडे आहे. त्या फोटोग्राफरने मैदानाच्या पार टोकाला तिवई लावली होती. आपली तोंडं वाटाण्याएवढी आली आहेत आणि निम्मा फोटो कौलांचा आहे. शिवाय त्यात काही जण नाहीतच. जेवणानंतर सगळ्यांनी पायऱ्यांवर यावं. आठवीनंतर ज्यांना शाळा सोडावी लागली त्यांनी पहिल्या ओळीत, सर आणि बाईंच्या शेजारी बसायचं आहे. आज मी मुद्दाम भाच्याचा फुल-फ्रेम कॅमेरा आणला आहे, त्यावर ३५ ची लेन्स आहे. ओळ सहा मीटरची झाली तर मला सहा मीटरवर उभं राहावं लागेल, कडेला थोडी जागा सोडायची म्हणून सात धरू.

बाई, हिशेब बरोबर आला ना?