कोरी चौकट म्हणजे खाडा नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत आहाराविषयी, मुलांच्या संगोपनाविषयी किंवा एखाद्या ग्रंथाविषयी कोणीतरी चार शब्द बोलावेत, अशी आपली रीत आहे. यंदा कार्यकारिणीने मनगटावरच्या घड्याळाविषयी बोलण्याची आज्ञा केली, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु येथून समोर पाहिले तर निम्म्याअधिक मनगटांवर ते नवे स्मार्टवॉच दिसते आहे. ते वेळ सांगते, पावले मोजते, नाडीचे ठोके मोजते, रात्री झोप किती झाली तेही सांगते. आणि अधूनमधून यांपैकी काहीच सांगत नाही! आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा तेवढ्या दिसतात. त्या रेघा दिसल्या म्हणजे काय समजावे आणि काय करावे, एवढाच आजचा विषय.

प्रथम एक घरगुती दाखला देते. दूध किती घेतले ते आपण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहितो. दूधवाला आला नाही, तर तेथे खाडा मांडतो. पण एखादी चौकट अगदी कोरीच राहिली, तर त्या दिवशी दूध आलेच नाही असे म्हणता येईल काय? दूध आले असेल, तापले असेल, चहात पडून संपलेही असेल. लिहावयाचे तेवढे राहिले असेल. घड्याळाचेही तसेच आहे. रेघा म्हणजे कोरी चौकट. हृदय थांबले, झोप झाली नाही, चालणे झाले नाही, असा तिचा अर्थ नव्हे. नोंद झाली नाही किंवा झालेली नोंद वाटेत कोठे अडकली, एवढाच तिचा अर्थ.

आता ही नोंद होते कशी, ते थोडक्यात पाहू. घड्याळ उलटे केले की मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. आपले रक्त तांबडे असल्यामुळे ते हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातील बारीक वाहिन्यांत रक्त भरते, अधिक प्रकाश शोषला जातो आणि कमी प्रकाश परत येतो. ही वाढघट मोजून घड्याळ ठोक्यांचा हिशेब करते. कल्पना मुळीच नवी नाही; आल्रिक हर्ट्झमन या शास्त्रज्ञाने बोटांतील रक्ताची भरती-ओहोटी प्रकाशाच्या साहाय्याने नोंदवण्याविषयी १९३७ सालीच लिहिले होते. कोरोनाच्या साथीत घरोघरी बोटाला लावलेली ती चिमटीही याच घराण्यातली. तिच्यामागचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. पावलांची गोष्ट मात्र निराळी आहे. पावले मोजण्याचे काम प्रकाशाचे नव्हे, घड्याळातील हालचाल ओळखणाऱ्या बारीकशा यंत्राचे. चालताना हात झुलतो, त्या झुलण्यावरून ते पाऊल ओळखते. पायाला ते पाहत नाही, हाताला पाहते, हे कृपा करून ध्यानात ठेवावे. पुढे याचे काम पडणार आहे.

आकडा हरवला, तर शोध कोठून सुरू करावयाचा? एकच प्रश्न आधी विचारा: आकडा घड्याळावर दिसतो की नाही? घड्याळावर दिसतो पण फोनमध्ये नाही, तर मोजणी ठीक झाली आहे, फक्त निरोप पोचलेला नाही. घड्याळावरच नाही, तर दोष मनगटापाशी किंवा घड्याळात आहे. एवढे ठरवले की निम्मे काम झाले.

मनगटापासून सुरुवात करू. घड्याळ मनगटाच्या हाडावरच बसले, तर त्याच्या पाठीचा आणि कातडीचा मेळ बसत नाही. ते हाडाच्या एक बोट वर, कोपराच्या दिशेला बांधावे. व्यायामाच्या वेळी आणखी एक बोट वर सरकवावे. पट्टा इतका असावा की घड्याळ घसरू नये, पण कातडीवर वळही उठू नये. आपल्या बांगड्या घड्याळाखाली सरकतात, ते उचलले जाते आणि बाहेरचा उजेड आत शिरतो. बांगड्या उतरवा असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या हातात बांगड्या कमी, त्या हातात घड्याळ बांधावे, आणि कोणत्या हातात बांधले ते घड्याळाच्या सेटिंगमध्ये सांगावे. ज्यांच्या मनगटावर गडद गोंदण आहे, त्यांच्या बाबतीत ती शाई प्रकाश अडवू शकते. त्यांनीही हात बदलून पाहावा. थंडीत हात गार पडले की कातडीतले रक्त आटोपते आणि मोजणी चुकते. भांडी घासताना, कणीक मळताना हात सारखा हलतो, तेव्हाही ठोके धरता येत नाहीत. घड्याळाच्या पाठीवर साबणाचा, घामाचा, तेलाचा थर साचतो. मऊ ओल्या फडक्याने तो पुसून कोरडा करावा. सांगितले तर हसू येईल, पण माझ्याकडे आलेल्या घड्याळांपैकी कित्येकांचा आजार एवढ्यानेच बरा झाला आहे.

आता प्रत्यक्ष घड्याळाकडे वळू. चार्ज कमी झाला म्हणून बॅटरी वाचवण्याची सोय आपण चालू करतो आणि बंद करावयास विसरतो. ती चालू असता पुष्कळ घड्याळे आपोआप नाडी पाहणे सोडून देतात. ॲपलच्या घड्याळात 'लो पॉवर मोड' लावला की असेच होते. त्याच घड्याळात 'रिस्ट डिटेक्शन', म्हणजे मनगटावर असल्याची ओळख, बंद असेल तरीही मागच्या मागे होणारी नाडीची मोजणी थांबते. इतर घड्याळांत नाडी सतत पाहावी की सांगितल्यावरच पाहावी, असा पर्याय असतो, तो तपासावा. झोपेची नोंद नसेल, तर घड्याळ रात्री हातात होते की उशाशी चार्जिंगला होते, हे आधी आठवावे! दिवसा अंघोळीच्या वेळी चार्ज करण्याची सवय लावली, तर हा प्रश्न पुष्कळसा मिटतो.

मोजणी नीट झाली असेल, तर उरतो घड्याळापासून फोनपर्यंतचा रस्ता. हा निरोप ब्लूटूथने जातो. ब्लूटूथ बंद असेल, फोन दुसऱ्या खोलीत असेल, तर निरोप खोळंबतो. खोळंबलेला निरोप घड्याळ आपल्याजवळ सांभाळून ठेवते, पण त्याची कोठी लहान असते; काही घड्याळांत मिनिटामिनिटाचा तपशील सातच दिवस टिकतो. म्हणून आठवड्यातून निदान दोनदा फोन जवळ ठेवून ॲप उघडावे. अँड्रॉइड फोनची आणखी एक खोड आहे. बॅटरी वाचवण्यासाठी तो मागे चालणारी ॲप परस्पर झोपवतो. त्यात आपल्या घड्याळाचे ॲपही झोपते. फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एका ॲपला ही बंदी नको, असे सांगावे लागते. तसेच शारीरिक हालचाल पाहण्याची आणि जवळच्या उपकरणांशी बोलण्याची परवानगी त्या ॲपला आहे ना, ते पाहावे. नवा फोन घेतला म्हणजे या परवानग्या बहुधा पुन्हा द्याव्या लागतात. फोन बदलताना मुलाने किंवा नातीने भलत्याच खात्यातून ॲप उघडून दिले असेल, तर जुने आकडे जुन्या खात्यातच सुखरूप बसलेले असतात.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. आकडा दिसत नाही म्हणून लगेच 'रीसेट' करू नये. रीसेटने घड्याळ कोरे होते आणि न पोचलेले निरोपही त्याबरोबर पुसले जातात. आधी ॲप उघडून निरोप पोचू द्यावा. मग घड्याळ आणि फोन दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावे. त्यानेही भागले नाही तरच रीसेटचा विचार.

भगिनींनो, एवढेच सांगावयाचे असते तर एक कागद छापून वाटला असता तरी चालले असते. पण या कोऱ्या चौकटीपायी माणसे दुखावतात, हे मी पाहिले आहे. माझ्या परिचयातील एका वयस्क भगिनींच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी वॉकर धरून घरातल्या घरात फेऱ्या घालण्यास सांगितले होते आणि त्या नेमाने घालीत. परदेशी असलेल्या मुलाने मोठ्या मायेने घड्याळ पाठवले होते. आईचे आकडे त्याला तिकडे फोनवर दिसत. रोज रात्री त्याचा फोन येई, "आई, आजही दीडशेच पावलं? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?" त्या म्हणत, "अरे, चालले मी." "मग घड्याळात का दिसत नाही?" यावर बिचाऱ्या काय उत्तर देणार? पंधरा दिवसांत त्यांनी चालणेच कमी केले. मला म्हणाल्या, "चालून तरी काय, कुठं धरलं जातंय!"

मी त्यांना माझ्यासमोर दहा फेऱ्या घालावयास लावल्या आणि पावले तोंडाने मोजली. दोनशेच्या वर भरली. घड्याळाने नऊ धरली. कारण उघड होते. त्यांच्या दोन्ही मुठी वॉकरवर घट्ट होत्या, हात झुलतच नव्हता. बाबागाडी ढकलणाऱ्या आईचे, बाजाराच्या जड पिशव्या घेऊन येणारीचे असेच होते. आम्ही फोन एका कापडी पिशवीत घालून त्यांच्या कमरेला बांधला. कंबर हलते, त्यामुळे फोनला पावले बरीचशी कळू लागली. शिवाय एका वहीत फेऱ्या मांडण्यास सुरुवात केली. मुलाला सारे समजावून सांगितले, तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आईचं ऐकायला हवं होतं." आता तो रात्री आकडा विचारत नाही, "आज किती फेऱ्या झाल्या, आई?" असे विचारतो, आणि त्या वही उघडून सांगतात. वॉकर सुटून काठी आली आहे.

म्हणून येथे बसलेल्या मुलींना आणि सुनांना माझे सांगणे आहे की, घड्याळ एक सांगते आणि घरचे माणूस दुसरे सांगते, अशा वेळी साक्ष प्रथम माणसाची घ्यावी. घड्याळाला मागाहून तपासावे.

याची दुसरी बाजू तर अधिक महत्त्वाची. चौकट कोरी म्हणून भिऊ नये, तशीच ती भरलेली आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. छातीत दाटून आले, दरदरून घाम फुटला, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ आली, धाप लागली, मळमळू लागले, आणि घड्याळ शांतपणे बहात्तर ठोके दाखवते आहे, तर तो आकडा पाहत बसू नये. हृदयविकाराचा झटका ओळखणे या घड्याळांना साधत नाही. आपण बायका तर "अपचन असेल" म्हणून ओवा खातो आणि कामाला लागतो. तसे करू नका. घरच्यांना हाक मारा, १०८ ला फोन लावा. तसेच, सुई न टोचता रक्तातील साखर सांगतो असा दावा करणाऱ्या घड्याळांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केले. अशा एकाही घड्याळाला आपण मान्यता दिलेली नाही, असे त्या वेळी त्यांनी सांगितले. मधुमेही भगिनींनी अशा आकड्यावर गोळीची किंवा इन्सुलिनची मात्रा कधीही ठरवू नये.

पावलांविषयी एक शब्द सांगून आटोपते घेते. दहा हजार पावले पुरी झाली नाहीत म्हणून रात्री अकराला गच्चीवर फिरणाऱ्या भगिनी मला ठाऊक आहेत. हा आकडा कोणा वैद्यांनी घालून दिलेला नाही. टोकियोच्या ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये कमरेला लावण्याचे पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले. त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे होते, आणि तेथून तो आकडा जगभर पसरला. पुढे अमेरिकेत १६,७४१ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांचे सरासरी वय ७२ होते. २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि साधारण ७,५०० नंतर त्यात आणखी फरक दिसला नाही. तेव्हा एखाद्या दिवशीची चौकट कोरी राहिली किंवा आकडा कमी भरला, म्हणून चाललेले चालणे वाया गेले असे समजू नये. पायांनी केलेले काम शरीराच्या खाती जमा झालेले असते.

आता सर्वांनी एक गोष्ट माझ्याबरोबर करावी. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली ठेवा. अंगठा वापरू नका, त्याला स्वतःचीच नाडी असते. सापडली? मी तीस सेकंद सांगते. ठोके मोजा आणि दुप्पट करा. ठोके अनियमित वाटले तर पुरे एक मिनिट मोजावे, आणि तसे वारंवार वाटत असेल तर डॉक्टरांना सांगावे. स्वस्थ बसले असता मोठ्या माणसाचे ठोके साधारणपणे साठ ते शंभरांच्या दरम्यान असतात.

ज्यांची घड्याळे रेघा दाखवीत असतील, त्यांनी चहापानानंतर थांबावे. फडके मी आणलेच आहे.