रविवारची सायकल



शनिवारी संध्याकाळी आम्ही सायकलवाले बडनेऱ्यात चहाला जमतो. उद्या मूर्तिजापुरापर्यंतच जायचे की थेट अकोला गाठायचे, यावर वाद होतो. त्याहून अधिक बोलणे गुडघ्यांचे आणि रक्तदाबाचे. वेळ मात्र पहाटे चारचीच, वऱ्हाडचे ऊन कोणाची सबब ऐकत नाही.

गेल्या वर्षी मला हृदयविकाराचा झटका आला. तीन महिने सायकल भिंतीला टेकून होती. डॉक्टरांनी आधी चालायला लावले, मग सपाटीवर थोडी थोडी सायकल. मी परतलो त्या रविवारी मित्रांनी अकोल्याचा बेत मोडला आणि माझ्याबरोबर पाच किलोमीटर येऊन मागे फिरले.

आमच्यातला एक गडी कंत्राटी कामावर आहे. डेंग्यूतून उठला आणि आठव्या दिवशी कामावर गेला; तिथेच पडला. १९४८ च्या कायद्याने आलेला राज्य विमा आजाऱ्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी देतो. पण याचे नावच नोंदलेले नव्हते!

रविवार तरी आयता कुठे मिळाला? नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांना तो १८९० साली मिळवून दिला. आमच्याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी जून २०२२ मध्ये १०५ तासांत झाली, जागतिक विक्रम ठरला. रस्ता झकास आहे. त्या तासांत ५ जूनचा रविवारही होता.

येत्या रविवारी तो गडी येणार आहे. त्याच्या दमाने होईल तेवढेच जायचे, असे ठरले आहे.