वैद्य थांबतो तेथून पुढे



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दहाव्या अध्यायात, व्याधींचे वर्गीकरण आले आहे. सुखाने बरे होणारे, कष्टाने बरे होणारे, याप्य आणि प्रत्याख्येय. याप्य म्हणजे समूळ न जाणारा, पण पथ्य आणि उपचार यांच्या आधाराने आवाक्यात राहणारा रोग. प्रत्याख्येय म्हणजे ज्याच्यापुढे वैद्याने हात जोडावेत असा. असाध्य रोग अंगावर घेणारा वैद्य धन, विद्या आणि यश या तिन्हींना मुकतो, असेही चरकाचार्यांनी बजावले आहे. आज हे वचन कठोर वाटेल. परंतु त्या काळी वैद्य उंबरठ्यावरून मागे फिरला, तरी रुग्ण एकाकी पडत नसे. माजघरात चार पिढ्या नांदत होत्या, शेजार होता, रात्री उशाशी बसणारे कोणी ना कोणी होते. आजचे रुग्णालयही एका टप्प्यावर ‘आता घरी न्या’ असे सांगून मागे फिरतेच. फरक एवढाच, की कोकणातले माजघर आता रिकामे झाले आहे.

हे केवळ भावनेच्या भरात केलेले विधान नव्हे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार भरली. दहा वर्षांत ती वाढली तर नाहीच, उलट जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. या आकड्याचे काहींना कौतुक वाटते. त्याचा खरा अर्थ मात्र असा, की कर्ता पुरुष मुंबईला आहे आणि घरी म्हातारी आई आहे. गणपतीत आणि शिमग्याला गजबजणारे घर उरलेले वर्ष एका वृद्धेच्या काठीच्या आवाजावर चालते. तिलाच मिश्रीच्या सवयीतून तोंडाचा कर्करोग झाला, तर पुढे काय?

पूर्वी याचे उत्तर एका शब्दात मिळे: परळ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि योगायोगाने ते गिरणगावाच्या मध्यावर उभे राहिले. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणातल्या गावागावांच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस चाकरमानी पाळीपाळीने झोपत, त्यातच एखाद्या रुग्णाची पथारी पडे. ज्यांना गावाची खोली नव्हती ते पदपथावर राहत. संत गाडगेबाबांच्या प्रेरणेने मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या त्या या गरजेतूनच. संघाचे प्रचारक आणि डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार नाना पालकर यांना रुग्णसेवेची मोठी ओढ होती. १९६७ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने स्मृती समिती स्थापन झाली. परळचे तिचे रुग्ण सेवा सदन देशभरातून येणाऱ्या रुग्णांना ठाऊक आहे. तेथे थांबलेल्यांत कोकणवासीयांची संख्या थोडी नसेल.

मात्र ही सारी व्यवस्था बरे होण्याच्या आशेने आलेल्यांची. आशा संपल्यावरचा विचार आधुनिक वैद्यकात उशिराच सुरू झाला. १९६७ मध्ये लंडनला डेम सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषालय उघडले. मरणासन्न माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते. तीत मन, कुटुंब, पैशाची विवंचना आणि ईश्वराविषयीचे प्रश्न सारेच गुंतलेले असते, हा त्यांचा सिद्धांत. भारतातले पहिले असे शुश्रूषालय मुंबईत, वांद्र्याला, १९८६ मध्ये निघाले: कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. लुईस डिसूझा यांनी स्थापन केलेले शांती आवेदना सदन. पुढे गोव्यात आणि दिल्लीत त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ चे. दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. शांती आवेदनाची शुश्रूषा ख्रिस्ती भगिनी करतात, हे सांगताना आपल्यातील काहींच्या कपाळावर आठी पडते. कुजलेल्या जखमा धुणाऱ्या हातांना नमस्कार करावा आणि आपले हात तेथे का नव्हते, हे स्वतःला विचारावे. आठीने रुग्णाची कूस बदलत नाही.

आता औषधाची कथा, जी अधिक क्लेशदायक आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच त्याची पायरीपायरीची पद्धत घालून दिली: शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे, वेदनेच्या मानाने. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची, दुखू लागण्याची वाट पाहायची नाही, आणि बद्धकोष्ठ होतो म्हणून सोबत रेचक द्यायचे. अशा रीतीने दिलेल्या औषधाने रुग्ण व्यसनी होतो ही भीती बहुतांशी निराधार आहे. हे मॉर्फिन अफूपासून निघते, आणि कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत अग्रणी. नीमच, मंदसौर, चितोडगडची अफू परदेशी रुग्णांच्या वेदना शमवीत राहिली. इकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला, त्यातील किमान दहा वर्षांच्या कारावासाच्या तरतुदीने औषध विक्रेते धास्तावले, वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने मिळवणे रुग्णालयांना नकोसे झाले. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटून १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. तस्करांना वेसण घालण्यासाठी केलेला कायदा शेवटी रुग्णाच्या खाटेशी येऊन बसला! संसदेने २०१४ मध्ये दुरुस्ती करून हा पाश सैल केला. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. तीस वर्षांच्या सवयीने जडलेली भीती मात्र दुरुस्तीच्या एका फटक्याने जात नाही.

मग रत्नागिरीने कोणाकडे पाहावे? केरळकडे. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचे छोटे केंद्र काढले. रुग्णाला केंद्रापर्यंत आणणे हाच त्याचा छळ आहे, हे लवकरच ध्यानात आले आणि काम घराकडे वळले. मलप्पुरम आणि आसपास शेजाऱ्यांचे जाळे उभे राहिले: प्रशिक्षित परिचारिका एक, तिच्यामागे गावातले स्वयंसेवक अनेक, खर्च लोकांच्या छोट्या छोट्या वर्गण्यांतून. २००८ मध्ये त्या राज्याने याविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले, पंचायती त्यात उतरल्या. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. केरळात राजकीय वैर किती टोकाचे आहे हे येथे कोणाला सांगायला नको. पण रुग्णाच्या अंगणात सर्व पंथांचे, सर्व पक्षांचे लोक येतात.

रत्नागिरी जिल्ह्यात पाया अगदीच नाही असे नाही. चिपळूण तालुक्यात डेरवणला १९९६ मध्ये वालावलकर रुग्णालय उभे राहिले आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात टाटा स्मारकाच्या साहाय्याने गावोगाव कर्करोग तपासणीचे काम झाले. रोग लवकर शोधण्याची वाट तयार झाली. उशीर झालेल्यांची वाट अजून व्हायची आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या नऊ तालुक्यांत वाडी एका डोंगरावर तर रस्ता दुसऱ्या. पावसाळ्यात चार महिने रुग्णाला डोलीतून उतरवणे म्हणजे त्याला दोनदा मारणे.

एक शंका रत्नागिरीत हमखास निघते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद केला आणि १९६६ मध्ये प्रायोपवेशनाने देह ठेवला. मग वेदनेने गांजलेल्याने तोच मार्ग का धरू नये? कृतकृत्य झालेल्या पुरुषाने शांत चित्ताने घेतलेला निर्णय वेगळा. औषध न मिळाल्यामुळे ‘सोडव रे देवा’ म्हणून आक्रोश करणाऱ्या वृद्धेची मागणी वेगळी. तिची वेदना आधी थांबवावी, मग तिचे मागणे ऐकावे.

स्वयंसेवकाला यात डॉक्टरकी करायची नाही. दोन-दोन तासांनी कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, जखमेला दुर्गंधी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड लावणे, हे सारे शिकता येते. दुर्गंधी गेली की नातवंडे पुन्हा खाटेजवळ येतात. आणि ऐकून घेणे, जे कार्यकर्त्याला सर्वांत जड जाते! आरंभ एका तालुक्यातून, एका वहीने व्हावा: वाडीचे नाव, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, घरी त्याच्याजवळ कोण, रात्री त्याला झोप लागते का.