धुऱ्यावरची भाजी

खाद्यमहोत्सव म्हटला की आपल्या नागपूरकडच्या माणसाला सावजी रस्सा, तर्री पोहे आणि संत्र्याची बर्फी आठवते. आज मी ज्या महोत्सवाबद्दल बोलणार आहे, त्यात यातले काहीच नसते. तिथे टेबलांवर पाने, वेली, कंद आणि कोंब मांडलेले असतात. त्याचे नाव रानभाजी महोत्सव. २०२० साली राज्याच्या कृषी विभागाने ९ ऑगस्टचा, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाचा मुहूर्त धरून तो सुरू केला. तेव्हापासून पावसाळ्यात जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी तो भरू लागला.

आमच्या उमरेडला तो शोभून दिसतो. उमरेड ही विणकरांची जुनी पेठ. रेशीमकाठी धोतरांसाठी तिचे नाव होते. अलीकडच्या पिढीला ते कोळशाच्या खाणीमुळे ठाऊक झाले. पण या गावाची आणखी एक ओळख आहे. इथे दोन मुलूख भेटतात. एकीकडे कापूस-सोयाबीनची काळी जमीन, दुसरीकडे भिवापूर-पवनीच्या वाटेने सुरू होणाऱ्या भाताच्या बांध्या आणि जंगल. म्हणून इथल्या ताटात भाकरही असते आणि भातही, शेतातली भाजीही असते आणि रानातलीही.

बचत गटांच्या बायका सकाळीच येऊन बसतात. कोणी काटवलांची परडी आणते, कोणी वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, कोणी केना, कुरडू, घोळ, कोणी धोप्याची पाने. एखाद्या टेबलावर वाळवलेल्या अंबाडीच्या बोंडांचे लालभडक सरबत असते, शेजारी ज्वारीची आंबील. शहरातून आलेली मंडळी फोटो काढतात, चव घेतात, "किती छान" म्हणतात.

या परड्यांमध्ये भाजीइतकेच ज्ञानही असते. वास्ते तसेच शिजवून चालत नाहीत. पातळ चिरून, उकळून ते पाणी फेकावे लागते, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. धोप्याला चिंच लागते, नाहीतर घसा खाजतो. टेकोडे, म्हणजे वारुळाशी उगवणारी अळंबी, ओळखणाऱ्यानेच आणावीत. चूक झाली तर जिवावर बेतते. तरोट्याची भाजी पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या पानांची. महिन्याभरात पान जून होते. पण झाड वाया जात नाही. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की बी भाजून, दळून कॉफीसारखे पेय करता येते. प्रत्येक भाजीला स्वतःचा पंधरवडा असतो. म्हणून ऑगस्टमधल्या एका दिवसाच्या महोत्सवात तरोटा उशिरा पोहोचतो आणि लाल अंबाडीची ताजी बोंडे तर यायचीच असतात.

काटवलाची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. या वेलात नर वेगळा आणि मादी वेगळी. दोन्ही जवळपास असतील तरच फळ धरते. उन्हाळ्यात वरचा वेल वाळून जातो, कंद जमिनीत निजून राहतो आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतो. म्हणजे काटवल दरवर्षी कोणी पेरत नाही. ते टिकते, कारण त्या जागेला कोणी हात लावलेला नसतो.

अशी जागा म्हणजे धुरा. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. एका महोत्सवात एका पाहुण्या बाईंनी भाजीवाल्या आजींना विचारले, "एवढी भाजी रोज मिळते का हो तुमच्याकडे?" आजी म्हणाल्या, "आता कोठं भेटते बाई! साऱ्या धुऱ्यावर फवारा मारते. हे आनाले मले दोन दिवस फिरा लागलं."

आजींच्या त्या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला आहे. केना आणि कुरडू ही महोत्सवात भाजी असते. शेतीच्या पुस्तकात मात्र तिची गणना तणांत होते. सोयाबीनच्या शेतात ही दोन्ही माजतात आणि पिकाचे अन्न खातात, हेही खोटे नाही. पूर्वी त्यावर उपाय होता निंदणाचा. बायका ओळीने बसून तण उपटायच्या आणि संध्याकाळी ओट्यात त्यातलीच कोवळी भाजी घेऊन घरी जायच्या. रोजीही मिळायची आणि रात्रीचे कोरड्यासही. तणनाशकाच्या फवाऱ्याने दोन्ही एकदम गेले. मजुरीचे दिवस कमी झाले आणि जी भाजी फुकट मिळायची तिच्या जागी बाजारातून कोबी आणि बटाटा विकत आणणे आले.

मी शेतकऱ्याला दोष देत नाही. पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस वावरात पाय ठेवता येत नाही, मजूर वेळेवर मिळत नाहीत, आणि तण पिकाच्या वर गेले तर हंगाम हातचा जातो. फवारा ही त्याची चैन नाही. पण पिकाच्या ओळींत मारलेला फवारा आणि धुऱ्यावर मारलेला फवारा यांत फरक आहे. धुऱ्यावर पीक नसते.

उरले जंगल. २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाले. नागझिऱ्याहून आलेल्या जय नावाच्या वाघाने ते देशभर नेले. २०१६ पासून तो दिसला नाही, पण जंगलात वाघ आहेत. अभयारण्यात बंधने हवीतच, आणि बाहेरच्या रानातही एकटी बाई आता वास्त्यांसाठी शिरायला धजत नाही. नागपूर-नागभीड ही छोटी गाडी होती, तेव्हा आसपासच्या गावांतला भाजीपाला तिच्यातून इतवारीपर्यंत जात असे. रुंदीकरणासाठी ती २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. अशी रानभाजीची एकेक वाट अरुंद होत असताना तिचा महोत्सव मोठा होत आहे.

मग महोत्सव नको का? हवाच. जी भाजी पाहुण्यांपासून लपवून शिजवायची, गरिबाची म्हणून जिची लाज वाटायची, तिला मांडवात मानाची जागा मिळाली, ही लहान गोष्ट नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणे राखल्याबद्दल. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या ठेव्याला देशाने विद्या मानले. आपल्या आजींकडेही तशीच विद्या आहे.

पण एका दिवसाच्या मांडवाने ती टिकणार नाही. महोत्सव जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवडी बाजारातच थोडाथोडा भरावा. एका कोपऱ्यात रानभाजीवाल्या बायकांना हक्काचा ओटा मिळावा. भाजी ओळखायची कशी आणि शिजवायची कशी, हे त्यांनीच शाळेतल्या मुलांना दाखवावे. आणि ज्यांच्याकडे वावर आहे, त्यांनी निदान एक धुरा फवाऱ्यावाचून सोडावा. त्याला खर्च नाही, उलट औषधाचे पैसे वाचतात.

आपण शहरात राहत असाल तर आपल्याही हातात एक गोष्ट आहे. पुढच्या पावसाळ्यात बाजाराच्या कडेला गोणपाटावर चार जुड्या मांडून बसलेली बाई दिसली, तर भाव पाडू नका. भाजीचे नाव विचारा, रीत विचारा आणि घरी न्या. ती विकली गेली, तरच कोणाला तरी आपला धुरा राखावासा वाटेल.